अकरा गोळ्यांचा हिशेब : विष्णुनगरमधील औषध-तपासणी सेवेचा अनुभव

माझी आई ७९ वर्षांची आहे आणि गेल्या फेब्रुवारीपर्यंत ती अकरा प्रकारची औषधे घेत होती. हा आकडा मला स्वतःलाही तोवर ठाऊक नव्हता, कारण ती अकरा औषधे एकाच कागदावर कधी आलीच नव्हती. मधुमेहाची आणि रक्तदाबाची गोळी एका डॉक्टरांनी दिलेली, गुडघ्यांची दुसऱ्यांनी, झोपेची गोळी वडील गेले त्या वर्षी तिसऱ्यांनी लिहिलेली. आणि ॲसिडिटीची गोळी तर २०१९ मध्ये डेंग्यूनंतर रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेल्या कागदावरची, जी पुढे कोणी बंद करायला सांगितली नाही एवढ्याच कारणाने चालू राहिलेली. दर महिन्याला मी रिकाम्या स्ट्रिपा काउंटरवर ठेवून ‘हेच परत द्या’ म्हणत असे आणि तेच परत मिळत असे.

जानेवारीत एका रात्री आई न्हाणीघराच्या दाराशी पडली. हाड मोडले नाही, परंतु ती का पडली याचे उत्तर कोणाजवळच नव्हते. त्यानंतर भाचीच्या सांगण्यावरून आम्ही ठाण्यात नौपाड्यातील विष्णुनगरच्या मागच्या गल्लीतील या औषध दुकानात गेलो. येथे औषधे विकण्याबरोबरच, आधी वेळ ठरवून, एका माणसाची सगळी औषधे एकत्र तपासून देण्याची सेवा मिळते. पहिल्या भेटीचे ६०० रुपये आणि त्यानंतरच्या भेटीचे २५० रुपये घेतात. हा अभिप्राय त्या सेवेविषयी आहे. दुकानाविषयी एवढेच सांगतो की बिल न मागता मिळते, औषधांच्या मुदतीची तारीख दाखवून मगच पिशवीत घालतात, आणि संध्याकाळी सातनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

फोनवर वेळ देतानाच सूचना मिळाली होती की चिठ्ठ्या आणू नका, औषधे आणा. म्हणजे गोळ्यांचा डबा, उशाशी ठेवलेली स्ट्रिप, कपाटातली अर्धवट बाटली, मलमे, डोळ्यांत घालायचे थेंब, जे जे घरात आहे ते सगळे. चिठ्ठी म्हणजे डॉक्टरांना जे द्यायचे होते ते, आणि पिशवी म्हणजे माणूस प्रत्यक्षात जे घेतो ते, असे तेथील फार्मासिस्ट बाईंनी नंतर सांगितले. या दोहोंत आमच्याकडे बराच फरक निघाला. सर्दीची म्हणून आणलेली एक गोळी आई गेले दीड वर्ष ‘रात्री घसा मोकळा राहतो’ म्हणून रोज घेत होती, आणि ती कोणत्याही चिठ्ठीवर नव्हती.

पहिली भेट पन्नास मिनिटे चालली. बाईंनी एका तक्त्यात प्रत्येक औषधासमोर तीन रकाने भरले : कशासाठी, कोणी सुरू केले, कधी सुरू केले. अकरापैकी चार औषधांसमोर ‘कशासाठी’ हा रकाना मी आणि आईने मिळूनही भरू शकलो नाही. त्या चार कोऱ्या चौकटी पाहताना मला जी लाज वाटली, ती बँकेच्या तीस वर्षांच्या नोकरीत तपासनिसासमोरही कधी वाटली नव्हती.

खरा कस लागला तो पुढे. आईच्या पायांना तीन वर्षे सूज होती आणि त्यासाठी तिला लघवीची गोळी, म्हणजे टॉर्सेमाइड, सुरू होती. बाईंनी तारखा एकाखाली एक लिहिल्या, तेव्हा असे दिसले की रक्तदाबाची ॲम्लोडिपिन ही गोळी ५ मिलिग्रॅमवरून १० वर नेल्यानंतर सहा आठवड्यांनी सूज सुरू झाली होती, आणि सूज आली म्हणून टॉर्सेमाइड आली होती. ॲम्लोडिपिन बारीक धमन्या रुंद करते, पण शिरांना तितके मोकळे करत नाही. त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी घोट्यांभोवती झिरपते. शरीरात पाणी जास्त झालेले नसते, ते फक्त भलत्या जागी गेलेले असते, म्हणून लघवीच्या गोळीने सूज फारशी हटत नाही आणि रात्री उठावे मात्र लागते. एका औषधाचा त्रास हा नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध देण्याच्या या साखळीला पॉला रोशॉन आणि जेरी गुर्विट्झ या संशोधक डॉक्टरांनी १९९० च्या दशकातच ‘प्रिस्क्रायबिंग कॅस्केड’ असे नाव देऊन ठेवले आहे, आणि कॅनडातील ओंटारिओ प्रांतात वृद्धांच्या नोंदींवर केलेल्या २०२० च्या अभ्यासात नेमकी हीच साखळी मोजली गेली. ॲम्लोडिपिनच्या गटातील औषध नव्याने सुरू केलेल्यांपैकी १.४ टक्के लोकांना ९० दिवसांच्या आत लघवीची गोळी लागली होती. रक्तदाबाची दुसऱ्या प्रकारची गोळी नव्याने सुरू केलेल्यांत हे प्रमाण ०.७ टक्के होते. आकडा लहान आहे, हे बाईंनी स्वतःहून सांगितले. पण ती गोळी भारतात किती घरांत आहे हे लक्षात घेतले, तर लहान टक्क्यातही पुष्कळ माणसे मावतात.

आई रात्री पडली ती लघवीला उठल्यावर, हे मी त्या क्षणापर्यंत जोडून पाहिले नव्हते.

दुसरी गोष्ट निघाली ती मूत्रपिंडाची. रक्तदाबाचीच दुसरी गोळी टेल्मिसार्टन, टॉर्सेमाइड आणि गुडघ्यांसाठी रोज सकाळी घेतली जाणारी ॲसिक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी ही तिन्ही एकाच पोटात जात होती. लघवीच्या गोळीने रक्तातला द्रव कमी होतो, टेल्मिसार्टन मूत्रपिंडातून बाहेर जाणारी नळी सैल करते आणि वेदनाशामक आत येणारी नळी आवळते. तिन्ही एकदम झाले की गाळणीवरचा दाबच उतरतो. ब्रिटनमधील रक्तदाबाच्या ४,८७,३७२ रुग्णांच्या नोंदींवरून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या तिहेरी जोडीने मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा दर ३१ टक्क्यांनी वाढलेला आढळला आणि पहिल्या ३० दिवसांत ही वाढ ८२ टक्के होती.

येथे माझी पहिली तक्रार नोंदवतो. लेखी अहवालात ‘३१ टक्के अधिक धोका’ एवढेच छापले होते. कशाच्या ३१ टक्के, हे नव्हते. व्याजदरात ३१ टक्के वाढ झाली असे कोणी ग्राहकाला सांगितले आणि मूळ दर सांगितला नाही, तर ती माहिती नव्हे, घबराट. मी विचारले तेव्हा बाईंजवळ लगेच उत्तर नव्हते. दुसऱ्या भेटीत मात्र त्यांनी ते शोधून आणले : त्या अभ्यासात अशी इजा वर्षाला साधारण दहा हजारांत सात जणांना झाली होती. म्हणजे सर्वसामान्य रुग्णाच्या बाबतीत वाढ दहा हजारांत दोन-तीन जणांची. परंतु ७९ वर्षांच्या, पंधरा वर्षे मधुमेह असलेल्या बाईसाठी मूळ धोकाच बराच वर असतो, त्यामुळे तिच्यासाठी या ३१ टक्क्यांचे वजन वेगळे. हे वाक्य अहवालात पहिल्या दिवशीच असायला हवे होते. आईचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक, त्या वेळी १.३ होते.

ॲसिक्लोफेनॅक हे डायक्लोफेनॅकचेच जवळचे भावंड. डायक्लोफेनॅकच्या मोठ्या मात्रेवर असलेल्या हजार लोकांत वर्षाला हृदयविकाराचा झटका वा तत्सम गंभीर घटना साधारण तीनने वाढतात आणि त्यांतली एक जिवावर बेतते, असा निष्कर्ष २०१३ मध्ये शेकडो चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून निघाला. म्हणजे २००४ मध्ये जगभरातून परत घेतल्या गेलेल्या रोफेकॉक्सिब या वेदनाशामकाच्या जातीच्या औषधांइतकाच हा धोका. गिधाडे जनावरांच्या मृतदेहातल्या डायक्लोफेनॅकमुळे मूत्रपिंड निकामी होऊन मेली हे २००४ मध्ये सिद्ध झाल्यावर आपल्याकडे गुरांसाठीच्या या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. माणसांच्या गोळ्यांच्या बाबतीत अर्थातच गोष्ट इतकी सरळ नाही, कारण गुडघा खरोखर दुखतो आणि आई काही गिधाड नव्हे. परंतु ‘रोज’ आणि ‘दुखेल तेव्हा’ यांत जो फरक आहे तो कोणी तिला सांगितला नव्हता.

आता ज्या एका मुद्द्यासाठी मी हे ६०० रुपये पुन्हा आनंदाने देईन तो सांगतो. नात्यातल्या व्हॉट्सॲप समूहावरचे वाचून मी घरूनच ठरवून गेलो होतो की ॲसिडिटीची गोळी बंद करायची. पॅन्टोप्राझोलने मूत्रपिंड जाते, स्मृतिभ्रंश होतो, हाडे ठिसूळ होतात, असे सगळे माझ्याजवळ तयार होते. बाईंनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “काका, ही गोळी नक्की कमी करायची आहे, पण ती सगळ्यांत शेवटी. आजी ॲस्पिरिन आणि वेदनाशामक दोन्ही घेत आहेत. या दोन्हींमुळे पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो अडवायला आज ही एकच गोळी उभी आहे.” मी दारावरचा रखवालदार आधी काढून मग चोर शोधायला निघालो होतो.

त्यानंतर त्यांनी माझ्या भीतींची जी छाननी केली, तिच्यात मला या सेवेची खरी गुणवत्ता दिसली. स्मृतिभ्रंश आणि मूत्रपिंडाविषयीचे २०१६ मधील गाजलेले निष्कर्ष हे लोकांच्या नोंदी नंतर चाळून काढलेले होते. जे लोक ही गोळी घेतात ते मुळातच अधिक आजारी असतात, त्यामुळे दोष गोळीचा की आजारपणाचा हे अशा अभ्यासातून सुटत नाही. उलट २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १७,५९८ लोकांना चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना पॅन्टोप्राझोल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी सुमारे तीन वर्षे दिली गेली. त्यात स्मृतिभ्रंश, मूत्रपिंडाचा विकार, हाड मोडणे यांपैकी काहीही ठळकपणे वाढले नाही. आतड्याचा संसर्ग तेवढा १ टक्क्यावरून १.४ टक्क्यांवर गेला. तीन वर्षांच्या चाचणीवरून दहा वर्षांचे सांगता येत नाही, हेही त्यांनी जोडले. मात्र आमच्या गोळीत पॅन्टोप्राझोलबरोबर डॉमपेरिडोन होते, आणि त्याविषयी त्यांचे मत ठाम होते. युरोपीय औषध संस्थेने २०१४ मध्ये हृदयाच्या लयीतील बिघाडाच्या कारणाने डॉमपेरिडोन केवळ मळमळ आणि उलटीसाठी, दिवसाला ३० मिलिग्रॅमपर्यंत आणि सामान्यतः एका आठवड्यापेक्षा जास्त नाही, असे बंधन घातले. साठीच्या पुढे हा धोका अधिक मानला जातो. आई ते सहा वर्षे घेत होती. जी भीती मला नव्हती तीच खरी निघाली, आणि ज्या भीतीने मी गेलो होतो ती निम्मी हवेत विरली.

ॲस्पिरिनसमोर ‘कशासाठी’ हा रकाना कोराच होता. आईला हृदयविकाराचा झटका आलेला नाही, पक्षाघात नाही, हृदयाच्या रक्तवाहिनीत नळी (स्टेंट) घातलेली नाही. ‘या वयात रक्त पातळ असलेले बरे’ एवढेच आम्हाला आठवत होते. हृदयविकार नसलेल्या १९,११४ ज्येष्ठांवर ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोजच्या छोट्या ॲस्पिरिनने निरोगी आयुष्य वाढले नाही. मोठा रक्तस्राव मात्र २.८ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर गेला. ब्रिटनमधील मर्सीसाइड भागातल्या दोन रुग्णालयांत १८,८२० भरती रुग्ण तपासले तेव्हा ६.५ टक्के रुग्ण औषधांच्या दुष्परिणामांमुळे आलेले होते, आणि त्यांत सर्वाधिक वेळा नाव निघाले ते याच छोट्या ॲस्पिरिनचे. ज्यांना झटका येऊन गेला आहे त्यांना यातले काहीही लागू नाही, त्यांनी ती गोळी सोडायची नाही, हे बाईंनी मला दोनदा सांगितले, कारण मी लगेच मोठ्या भावाला फोन लावायला निघालो होतो आणि भावाला नळी घातलेली आहे.

आईच्या पायांना मुंग्या येतात, त्यांचे उत्तर सर्वांत स्वस्तात मिळाले. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व शोषले जाण्यात अडथळा येतो. नेदरलँड्समधील ३९० मधुमेही रुग्णांच्या चाचणीत ४.३ वर्षांनंतर त्याची पातळी औषधविरहित गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत १९ टक्क्यांनी खाली आली होती, आणि ॲसिडिटीची गोळी दोन वर्षांहून अधिक चालली तर तीही याच दिशेने ओढते. आई शाकाहारी, मेटफॉर्मिनची पंधरा वर्षे, पॅन्टोप्राझोलची सहा. मुंग्या मधुमेहाच्याच, असे आम्ही सर्वांनी धरून चाललो होतो. रक्ततपासणीत बी-१२ बरेच खाली निघाले.

ॲटोर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची, स्टॅटिन गटातली गोळी मला बंद करून हवी होती, कारण आईची मांडी दुखते. बाईंनी नकार दिला. म्हणजे माझ्या बाजूने डॉक्टरांकडे शिफारस लिहायला नकार दिला. स्टॅटिनच्या त्रासाने गोळी सोडलेल्या ६० लोकांना ब्रिटनमध्ये काही महिने खरी, काही महिने दिखाऊ आणि काही महिने कोणतीच गोळी न देता रोज त्रास नोंदवायला सांगितले, तेव्हा खऱ्या गोळीवरच्या त्रासापैकी ९० टक्के त्रास दिखाऊ गोळीवरही झाला. मधुमेहाचा धोका ती थोडा वाढवते हे खरे, २५५ जणांना चार वर्षे दिल्यास एकाला. पण ज्या बाईला मधुमेह आहेच तिच्यासाठी तो मुद्दा कसला, असा त्यांचा प्रश्न होता. औषधे कमी करण्याच्या सेवेने एक औषध ठेवायला लावले, यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

झोपेच्या गोळीवर आणि त्या सर्दीच्या गोळीवर आईचे आणि त्यांचे जे संभाषण झाले ते मी ऐकत बसलो. वृद्धांनी शक्यतो टाळावयाच्या औषधांची जी यादी अमेरिकेत मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये सुरू केली आणि जिची अलीकडची आवृत्ती २०२३ ची आहे, तीत आईच्या झोपेच्या गोळीचा, म्हणजे अल्प्राझोलमचा गटही आहे आणि सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिनही. पहिल्याने तोल जातो. दुसऱ्याच्या प्रकारची औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले आहे, परंतु कारण तेच असे त्यावरून म्हणता येत नाही. आईला यातले काही पटत नव्हते. “अगं, मग रात्रभर मी छताकडे बघत बसू का?” असे तिने विचारले. “नाही आजी, एकदम बंद मुळीच करायची नाही, त्याने झटके येऊ शकतात. पाव पाव करत कमी करायची, आणि तीही डॉक्टर म्हणतील तशीच,” असे बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिला मराठीत हाताने एक तक्ता लिहून दिला. कॅनडातील क्वेबेक प्रांतात औषध दुकानांमार्फत ज्येष्ठांना केवळ अशी माहितीपुस्तिका आणि कमी करण्याचा तक्ता दिल्यावर सहा महिन्यांत २७ टक्के लोकांनी ही गोळी पूर्ण सोडली, न दिलेल्यांत ५ टक्क्यांनी. आईने अजून सोडलेली नाही. ती अर्ध्या गोळीवर आली आहे आणि तिथे ठाण मांडून बसली आहे.

दुकानात एकही औषध बंद करून दिले गेले नाही, हे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. अहवालाच्या वरच ठळक अक्षरांत लिहिलेले असते की हे डॉक्टरांसाठीचे प्रश्न आहेत, रुग्णासाठीचे आदेश नव्हेत. तो कागद घेऊन मी दोघांकडे गेलो. एका विशेषज्ञांनी तो न वाचताच परत केला आणि ‘आता मेडिकलवाले आम्हाला शिकवणार का’ असे विचारले. त्यांच्या बाहेर चाळीस माणसे बसली होती, त्यामुळे राग येऊनही मला त्यांची थोडी दया आली. पाचपाखाडीतील आमच्या घरच्या डॉक्टरांनी मात्र तो पेन्सिल घेऊन वाचला, दोन सूचना खोडल्या, बाकीच्या मान्य केल्या आणि क्रम ठरवून दिला. आधी वेदनाशामक आणि ॲस्पिरिन थांबवली, मग ॲम्लोडिपिन ५ वर आणून टेल्मिसार्टन वाढवली, सूज उतरल्यावर टॉर्सेमाइड थांबवली, आणि ॲसिडिटीची गोळी सर्वांत शेवटी, एक दिवसाआड करत. ती सोडताना तीन आठवडे आईला पूर्वीपेक्षा जास्त जळजळ झाली. याची कल्पना बाईंनी आधीच दिली होती : पोटाचा कोणताही विकार नसलेल्या निरोगी लोकांना आठ आठवडे अशी गोळी देऊन थांबवली तेव्हा त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांना जळजळीसारख्या तक्रारी सुरू झाल्या, तर दिखाऊ गोळी घेतलेल्यांत १५ टक्क्यांना. ही माहिती नसती तर मी पहिल्याच आठवड्यात ‘बघा, आजार आहेच’ म्हणून ती पुन्हा आणली असती. त्या तीन आठवड्यांत घरात मिसळ झाली नाही, याची नोंद आईच्या वतीने करतो.

आज अकराच्या जागी सात औषधे आहेत, त्यांतले बी-१२ नवे. गुडघ्यांसाठी मलम आणि लागेल तेव्हा पॅरासिटामॉल. क्रिएटिनिन १.० आहे. महिन्याचे बिल ३,८०० रुपयांवरून २,३०० वर आले, आणि ते बिल याच दुकानाचे होते. स्वतःचा गल्ला हलका करणारा सल्ला देणाऱ्या दुकानाने त्याची फी घ्यावी हे मला रास्त वाटते. फुकट दिला असता तर मीच संशय घेतला असता.

आता या सेवेला गुण देताना एक तारा मी का कापला ते. अहवाल इंग्रजीत होता, अडीच पाने, बारीक टाइपात. ज्या बाईची औषधे तिलाच तो वाचता आला नाही; हाताने लिहिलेला तो एक तक्ता सोडला तर तिच्या हाती काहीच पडले नाही. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाचा जो सरकारी अर्ज रुग्णाला भरता येतो तो मराठीत उपलब्ध आहे, आणि तो याच दुकानात बाईंनी आम्हाला सुजेच्या नोंदीसाठी भरायला दिला; सरकारला जे जमते ते नौपाड्यातल्या दुकानाला का जमू नये? पंधरा दिवसांनी फोन करू असे सांगितले होते, तो सव्विसाव्या दिवशी आला, तोही मी आठवण केल्यावर. तपासणीची खोली पोटमाळ्यावर आहे आणि जिना उभा आहे. ज्यांना ही सेवा सर्वांत जास्त हवी, त्यांचे गुडघे तो जिना चढू शकत नाहीत. आम्ही सांगितल्यावर त्यांनी काउंटरमागे खुर्ची टाकून दिली, परंतु मग झोपेच्या गोळीची चर्चा सर्दीचे औषध घ्यायला आलेल्या शेजाऱ्यांच्या कानांवर गेली.

याहून गंभीर चूक निराळीच आहे. पिशवीत औषधे आणा असे सांगितले होते आणि आम्ही औषधेच नेली. आई खोकल्यासाठी दिवसभर ज्येष्ठमधाची कांडी चघळते, हे कोणी विचारले नाही आणि आम्हाला ते औषध वाटले नाही. घरच्या डॉक्टरांनी तिच्या गालातला तो तुकडा पाहून विचारले तेव्हा उलगडा झाला. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. त्यावर लघवीची गोळी आली की ते आणखी उतरते. म्हणजे ज्या रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन वाढवली, जिच्यामुळे सूज आली, जिच्यासाठी टॉर्सेमाइड आली, त्या साखळीची पहिली कडी कदाचित जांभळी नाक्यावरून आणलेली ती पुडी असेल. ठाण्यात बसून औषधांची तपासणी करायची तर काढे, चूर्णे, चाटण आणि शेजारणीने दिलेल्या गोळ्या यांचा रकाना तक्त्यात हवाच. मी हे बाईंना सांगितले. त्यांनी वाद घातला नाही, तक्त्यावर पेनने चौथा रकाना आखला.

जाणाऱ्यांसाठी : वेळ सकाळी अकरा ते एक आणि दुपारी चार ते सहा, रविवारी बंद. फोनवरच खालच्या मजल्यावर बसायचे आहे असे सांगावे आणि दुपारची वेळ मागावी, म्हणजे गर्दी नसते. मागील दोन वर्षांचे रक्ततपासणीचे कागद न्यावेत, विशेषतः क्रिएटिनिनचे. गाडी नेऊ नये, गल्लीत लावायला जागा नाही. गोखले रोडला रिक्षा सोडून दोन मिनिटे चालावे. अहवालाची मराठी प्रत मागावी, कारण पुढच्या महिन्यापासून ती देणार असल्याचे त्यांनी मला सांगितले आहे आणि मागणारे जितके जास्त तितकी ती लवकर निघेल.